पाहुणा रुसला, अंगठा अडला

जुलैचा शेवटचा आठवडा. आमच्या चिखली-खामगावकडच्या उंद्रीत पावसाची झड लागलेली आणि पुतण्याच्या सेवा केंद्रातला बाक सकाळी नऊलाच भरलेला. कुणाला पीकविमा भरायचा, कुणाला सातबारा काढायचा. कोपऱ्यात एक आजी ओल्या पदराला हात पुसत बसल्या होत्या. पीएम-किसानची ई-केवायसी राहिली म्हणून त्यांचा हप्ता अडला होता. काम दोन मिनिटांचं. मशीनवर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला की झालं.

कॉम्प्युटर सुरू झाला. लिनक्स सुरू झालं. लिनक्सच्या पोटात आम्ही जे विंडोज ठेवलंय, ते मात्र उठेना. रात्री लिनक्सने आपलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवं करून घेतलं होतं आणि आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची त्या नव्या कर्नलशी ओळखच नव्हती. पडद्यावर एकच निरोप, कर्नलचा ड्रायव्हर बसवलेला नाही.

"काका, हे काऊन चालू नाही होऊन राहिलं?" पुतण्याने हाक मारली. लिनक्स मी बसवलेलं, म्हणून हाक मला.

दुरुस्तीला दीड तास गेला. लागणाऱ्या फायली मोबाइलच्या डेटावर उतरवल्या, ड्रायव्हर नव्याने बांधला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. विंडोज उठलं, तर त्याला अंगठ्याचं मशीन दिसेना. आजींनी तीनदा अंगठा टेकवला, मशीन ढिम्म. चौथ्यांदा त्यांनी तो अंगठा स्वतःच्याच डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "बाबू, माह्याच अंगठ्यात खोट हाये का? निंदून निंदून रेषा गेल्या असतीन."

त्यांच्या अंगठ्यात काहीही खोट नव्हती. खोट कुठे आहे, ते सांगायला आजचं सदर.

आधी घराची मांडणी सांगतो. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा कॉम्प्युटर उभा करता येतो. त्याला स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी, स्वतःचं नेटवर्क कार्ड असल्याचं भासवलं जातं. हे आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बाहेरची प्रणाली यजमान, आतली पाहुणा. आमच्याकडे यजमान लिनक्स आणि पाहुणा विंडोज. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० आणलं, तेव्हाही एका यंत्रात अनेक यंत्रं चालत होती. साध्या कॉम्प्युटरवर व्हीएमवेअरने १९९९ मध्ये हे करून दाखवलं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच त्यासाठीची सोय घातली. एवढं पिकलेलं तंत्र उंद्रीच्या केंद्रात सकाळी नऊला रुसत असेल, तर कारण तंत्राचा अवघडपणा नाही. कारण हेळसांड आहे.

मग विंडोजच का नाही टाकत, असं चिखली-खामगावचा दुरुस्तीवाला विचारतो. त्याचं औषध ठरलेलं, फॉरमॅट मारा आणि विंडोज टाका. आमचा कॉम्प्युटर २०१६चा. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर मान्य करत नाही, आणि ती पिढी २०१७ मध्ये आली. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात द्या आणि नवं घ्या. खेड्यातल्या केंद्राचं एका कामामागचं कमिशन किती असतं, हे ज्याला ठाऊक आहे तो असा सल्ला देणार नाही. लिनक्स त्याच जुन्या यंत्रावर झपाझप चालतं, फुकट मिळतं, व्हायरसचा ताप कमी. मी ते बसवलं आणि त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. केंद्रातली बहुतेक कामं ब्राउझरमधून होतात आणि तिथे लिनक्स कुठेही कमी पडत नाही.

अडतं ते उरलेल्या थोड्या कामांपाशी. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीची यूएसबी की, आणि जुनी मराठी अक्षरं. या तीन गोष्टींसाठी चार जीबी मेमरी अडवून एक अख्खं विंडोज पोसावं लागतं. आठ जीबीच्या यंत्रात निम्मी भाकर पाहुण्याच्या ताटात जाते. शिवाय पाहुण्याला स्वतःचा परवाना हवा, तो वेगळाच.

आता कर्नलचं भांडण. लिनक्सचं नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं. बाहेरचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. पण कर्नलच्या आतल्या जोडण्या बदलणार नाहीत, असं वचन कर्नलवाल्यांनी कधीच दिलेलं नाही. त्यांच्या कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ झाडात असेल, तर जोडणी बदलणाराच तुमचाही ड्रायव्हर दुरुस्त करतो. बाहेर असेल, तर तुमचं तुम्ही बघा. आभासी यंत्र चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरचा यजमानाकडचा ड्रायव्हर बाहेर आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशनचे दोन्ही ड्रायव्हर बाहेर आहेत. म्हणून प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ते नव्याने बांधावे लागतात, आणि कर्नल पुढे गेलेलं नि सॉफ्टवेअर मागे राहिलेलं असेल, तर बांधलेच जात नाहीत.

यात एक गोष्ट मला फार खटकते. व्हर्च्युअलबॉक्सचा पाहुण्याकडचा ड्रायव्हर २०१८ मध्ये, कर्नल ४.१६ पासून, मूळ झाडात आला. म्हणजे लिनक्स पाहुणा म्हणून गेलं तर त्याची सोय आतच आहे. लिनक्सने यजमान व्हायचं म्हटलं की सोय अजून दाराबाहेर. हे सॉफ्टवेअर इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं. २००७ मध्ये त्याचा मूळ गाभा खुला झाला, २००८ मध्ये ते सन या कंपनीकडे गेलं आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे. मालक तीन झाले, ड्रायव्हर तिथेच. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि २०२४ मध्ये वर्कस्टेशन सगळ्यांना फुकट केलं. फुकट मिळालं, चांगलं झालं. पण नव्या कर्नलवर ते चालावं म्हणून कंपनीबाहेरच्या एका कर्नल-अभियंत्याने वर्षानुवर्षं दुरुस्त्या पुरवल्या आणि लोक त्यावर तगून राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीचं काम एका बाहेरच्या माणसाच्या भल्या मनावर चालावं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, लांब मुदतीची आवृत्ती घ्या, ती बदलत नाही. उबुंटू या लिनक्सची २२.०४ ही तशीच आवृत्ती. पाच वर्षांचा आधार. पण घरगुती संस्करणात तिचं कर्नल वाटेत बदलत गेलं. ५.१५ वरून ५.१९, मग ६.२, मग ६.५, मग ६.८. पाटी तीच, पायाचे दगड चारदा बदललेले. ज्याच्या कॉम्प्युटरवर बाहेरचा ड्रायव्हर आहे, त्याच्यासाठी या चार अडचणीच्या सकाळी ठरल्या.

त्यात सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी कोड अडवणारी सोय, सुरू असेल तर आणखी एक पायरी. बांधलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही लागते. त्यासाठी एक पासवर्ड ठरवायचा, यंत्र बंद-चालू करायचं, आणि निळा पडदा येतो तेव्हा दहाएक सेकंदांत कळ दाबून तोच पासवर्ड द्यायचा. तेवढ्यात कुणी 'भाऊ, झेरॉक्स किती रुपये?' विचारलं आणि आपण मान वळवली की संधी गेली. पुन्हा पहिल्यापासून. हा पडदा इंग्रजीत, त्याची भाषा जाणकारांची. गावात केंद्र चालवणाऱ्या पोराने ती कुठे शिकावी?

आणि एक भांडण तर अगदी अलीकडचं. लिनक्सची स्वतःची आभासी यंत्राची सोय आहे, केव्हीएम. फेब्रुवारी २००७ मध्ये, कर्नल २.६.२० पासून ती मूळ झाडात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नल ६.१२ आलं आणि केव्हीएमने सवय बदलली. पूर्वी पाहिजे तेव्हाच प्रोसेसरची ती खास सोय ताब्यात घ्यायचं, आता कर्नलमध्ये शिरल्या शिरल्या घेऊन बसतं. त्याच सोयीवर चालणारं व्हर्च्युअलबॉक्स दारात येतं तेव्हा जागा भरलेली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्यांनी पाहुणा एकदाच बसवला आणि निवांत राहिले, त्यांना हे एका सकाळी कळलं. उपाय आहे. बूट होताना कर्नलला एक सूचना द्यायची, म्हणजे केव्हीएम जुन्या सवयीवर येतं. पण ती सूचना शोधायला लागणारा वेळ कोण भरून देणार?

आता आजींच्या अंगठ्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

अंगठ्याचं मशीन नुसतं जोडून चालत नाही. ठसा घेतल्या घेतल्या कुलूपबंद व्हावा, म्हणून आधारच्या व्यवस्थेत नोंदणीकृत मशीनच चालतं आणि त्याच्याबरोबर एक सेवा कॉम्प्युटरवर सतत सुरू असावी लागते. केंद्रवाले तिला आरडी सर्व्हिस म्हणतात. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. आमच्या मशीनची ती सेवा मात्र विंडोज आणि अँड्रॉइडपुरती. म्हणून मशीन यजमानाच्या हातातून सोडवून पाहुण्याच्या हातात द्यावं लागतं. लिनक्सवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी वापरकर्त्याला एका खास गटात घालावं लागतं, नाहीतर यूएसबीची यादी रिकामी दिसते. गटात घातलं तरी बाहेर पडून पुन्हा आत आल्याशिवाय लागू होत नाही. त्या सकाळी आमचं नेमकं इथेच अडलं होतं. सॉफ्टवेअर नव्याने बसवताना पुतण्याचं नाव गटात राहिलं नव्हतं.

समजा मशीन पाहुण्याला मिळालं. पुढचा पेच असा की ही सेवा १२७.०.०.१ या पत्त्यावर बसून ऐकते. कॉम्प्युटरच्या भाषेत हा पत्ता म्हणजे 'माझं स्वतःचं घर'. यजमानाच्या ब्राउझरने या पत्त्यावर हाक मारली तर ती यजमानाच्याच घरात घुमते, पाहुण्याच्या खोलीत पोचत नाही. म्हणजे मशीनच नव्हे, ब्राउझरही पाहुण्याच्या खोलीत उघडायचा. ज्या कामासाठी लिनक्स उत्तम चालतं, ते वेबसाइटचं कामसुद्धा विंडोजमध्ये नेऊन करायचं. चार जीबीत विंडोज, त्यात ब्राउझर, त्यात सेवा. आजी तिष्ठत बसतात ते यामुळे.

डेटाचंही तसंच. पाहुण्याला नेटवर्क तारेचं दिसतं. यजमान मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. तारेचं नेट म्हणजे मुबलक, असं समजून विंडोज आपली अपडेट उतरवत बसतं आणि दुपारपर्यंत दिवसाचा कोटा संपतो. पाहुण्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही जोडणी मोजून वापरायची आहे, असं आपल्या हाताने सांगावं लागतं. हे मला पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं, तर बरेच रिचार्ज वाचले असते.

वीज गेली तर? इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी जुनी. पाहुण्याची अख्खी डिस्क म्हणजे यजमानाच्या लेखी एक मोठी फाइल. लिहिणं चालू असताना वीज गेली की यजमान स्वतः सावरतो, पाहुणा मात्र पुढच्या वेळी दुरुस्तीच्या पडद्यावर अडून बसतो. आणि वाढणारी डिस्क-फाइल नावाप्रमाणे वाढते. आतल्या फायली पुसल्या तरी ती आपोआप आकसत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल, हा अंगठ्यापुरता प्रश्न. तसं नाही. केंद्रात संध्याकाळी लग्नपत्रिका आणि दशक्रियेच्या चिठ्ठ्या होतात. त्यांचा मजकूर वीस वर्षं साठलेला आहे, आणि तो सगळा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या अक्षरांत. १९९०च्या दशकात मराठीला कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम पुण्यात झालं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी. त्यांचं ऋण आहेच. पण तेव्हा प्रत्येक अक्षरसंचाची आतली मांडणी वेगळी होती, आणि तो मजकूर त्या-त्या अक्षरसंचाशिवाय नीट वाचता येत नाही. पाहुण्यातून कॉपी करून यजमानात चिकटवला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी चिन्हांचा चिखल उमटतो. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं कुलूप. ते कुलूप पाहुण्याला दिसलं तर टाइपिंग, नाहीतर नवरदेवाचे वडील बाकावर. कळफलकाचाही गोंधळ. यजमानाकडे मराठी चालू राहिलं आणि तसंच पाहुण्यात शिरलं की भलतीच अक्षरं पडतात.

देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक मांडणीत, १९९१ पासून आहे. भारत सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून मान्य केलं, त्यालाही दीड दशक झालं. तरी आजही एखादं कार्यालय मजकूर जुन्याच अक्षरांत मागतं. त्या एका फायलीसाठी मी विंडोज सांभाळतो.

मग केव्हीएमच का वापरत नाही? त्या जुलैनंतरच्या दिवाळीपासून तेच वापरतो. ते कर्नलच्या आतच असल्यामुळे कर्नल बदललं तरी काही बांधावं लागत नाही. ज्याला पाहुणा ठेवणं भागच आहे, त्याने हाच रस्ता धरावा, असं माझं ठाम मत आहे. पण सुरुवात सोपी नाही. विंडोज बसवताना वेगवान डिस्क निवडली, तर विंडोजला ती दिसतच नाही. आधी तिचा ड्रायव्हर वेगळ्या सीडी-फाइलमधून द्यावा लागतो. यजमान आणि पाहुण्यात फोल्डर वाटून घ्यायलाही खटपट आहे. एकदा एक रविवार घालवला की पुढे शांतता मिळते. तो रविवार घालवायला लागणारी माहिती मराठीत एकत्र कुठे नाही, ही आपलीही उणीव. कुणी जाणत्याने ती लिहावी. मी माझ्या परीने लिहायला घेतली आहे.

तरीही पाहुणा कितीही नीट बसवला, तो ठेवावाच का लागावा, हा प्रश्न उरतोच. आणि तो प्रश्न लिनक्सला किंवा आभासी यंत्राला विचारायचा नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या प्रमाणांचं धोरण जाहीर केलं. मार्च २०१५ मध्ये सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, असं धोरण आलं. सी-डॅकने बॉस नावाचं लिनक्स २००७ पासून बनवलंय, त्यात मराठी आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत. धोरण आहे, प्रणाली आहे, उदाहरणही आहे. नाही तो फक्त आमच्या अंगठ्याच्या मशीनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर. म्हणजे सरकारी योजनेच्या दारात उभं राहायला एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, आणि तो खर्च शेवटी उंद्रीच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या वेळेतून वसूल होतो.

माझी मागणी छोटी आहे. सरकारी योजनेसाठी अंगठ्याचं मशीन किंवा सहीची की मान्य करताना अटींत एक ओळ घाला, लिनक्सवरची सेवा आणि ड्रायव्हर दिल्याशिवाय मान्यता नाही. त्याच मशीनची अँड्रॉइडवर चालणारी सेवा कंपन्या बनवतातच, आणि अँड्रॉइडचं कर्नल लिनक्सचंच आहे. जमत नाही, ही सबब मला मान्य नाही. दुसरी ओळ कार्यालयांसाठी, मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि युनिकोडमध्येच द्या.

आजींची ई-केवायसी त्या दिवशी झाली नाही. संध्याकाळची एसटी होती, त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या, आणि पहिल्याच टेकवण्यात ठसा जुळला. "आजी, तुमचा अंगठा तर कालही चांगलाच होता," पुतण्या म्हणाला. त्यांचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. जाताना त्या अंगठ्याकडेच पाहत होत्या.

केंद्र चालवणाऱ्या माझ्या मित्रांनो, लिनक्सची ती ओळ सरकारी कागदावर येईपर्यंत एवढं करा. मुदतीच्या आठवड्यात अपडेट थांबवून ठेवा आणि जुनं कर्नल पुसू नका. यंत्र सुरू होताना ग्रब या बूट-मेनूत प्रगत पर्यायांखाली ते मिळतं. तेवढं निवडलं तर पाहुणा उठतो आणि बाकावरची माणसं त्याच दिवशी घरी जातात.